गाळा, तांब्याचं स्टिल आणि अर्जातलं एक वाक्य: छोट्या डिस्टिलरीच्या नियोजन परवानगीचं प्रकरण

हे प्रकरण इंग्लंडमधल्या एका मध्यम आकाराच्या गावातलं आहे. नियोजन सल्लागार म्हणून त्यात मी पहिल्या महिन्यापासून नसले, तरी निर्णायक टप्प्यांवर होते. माणसांची ओळख पटू नये म्हणून गाव, गाळ्याचं माप आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत. निर्णय मात्र जसे झाले तसेच मांडले आहेत. त्यातला एक निर्णय माझा होता आणि तो मी आज वेगळा घेतला असता.

पार्श्वभूमी

एक बाई आणि त्यांचे दीर. बाईंनी पंधरा वर्षं रासायनिक प्रयोगशाळेत काढलेली, दिरांनी तेवढीच वर्षं बार चालवलेला. दोघांनी मिळून जिन बनवायचं ठरवलं. त्यासाठी ३०० लिटरचं, विजेवर तापणारं तांब्याचं स्टिल, म्हणजे ऊर्ध्वपातनाचं भांडं, मागवलं आणि जुन्या औद्योगिक वसाहतीतला एक गाळा पाच वर्षांच्या करारानं घेतला. वसाहत म्हणजे अंगणाभोवतीचे आठ-नऊ गाळे. त्यांत एक सुतार, एक छपाईवाला आणि एक सायकल-दुरुस्तीवाला होता. गाळ्याच्या मागच्या भिंतीपलीकडे लगेच घरांची ओळ आणि त्यांच्या परसबागा.

जिनची गोष्ट आधी समजून घ्यायला हवी, कारण पुढचा सगळा वाद तिच्यावरच उभा आहे. बहुतेक छोटे जिनवाले धान्य आंबवत नाहीत. ते ९६ टक्क्यांचं न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे स्वतःची चव नसलेलं अल्कोहोल, विकत आणतात, पाणी घालून त्याची तीव्रता उतरवतात, त्यात जुनिपरची सुवासिक फळं, धने, साली टाकतात आणि पुन्हा एकदा ऊर्ध्वपातन करतात. व्हिस्कीचं काम निराळं आहे. तिथे धान्य भिजवून गोड काढा करायचा, तो आंबवायचा, साधारण आठ टक्के अल्कोहोलचा आंबलेला द्रव, म्हणजे वॉश, तयार करायचा आणि मग तो उकळायचा. आठ टक्क्यांच्या वॉशमधून एक लिटर शुद्ध अल्कोहोल काढायला साडेबारा लिटर वॉश लागतो. उरतं ते बहुतांश सांडपाणी, आणि तेही कडक वासाचं, सेंद्रिय भाराचं. दोन्ही ठिकाणांना लोक ‘डिस्टिलरी’च म्हणतात, पण शेजाऱ्याच्या खिडकीतून पाहिलं तर हे दोन वेगळे धंदे आहेत.

इंग्लंडमध्ये असे छोटे उद्योग तुलनेनं नवे. १९७९ च्या अबकारी कायद्यानुसार, सर्वांत मोठं स्टिल १८ हेक्टोलिटरपेक्षा लहान असेल तर परवाना नाकारण्याची मुभा अधिकाऱ्यांना होती. १८ हेक्टोलिटर म्हणजे १८०० लिटर. लंडनमधल्या सिप्समिथ या जिन डिस्टिलरीनं २००९ मध्ये त्याहून खूप लहान स्टिलसाठी परवाना मिळवला आणि मग इतरांना वाट मोकळी झाली. त्यामुळे अनेक कौन्सिलांच्या, म्हणजे स्थानिक नगर-प्रशासनांच्या, नियोजन विभागांत ‘डिस्टिलरी’ म्हटलं की आजही मोठा कारखाना, चिमणी आणि टँकरच डोळ्यांसमोर येतात.

अडचण कुठे सुरू झाली

जागामालकाच्या एजंटनं सांगितलं, “गाळा वर्ग ई मध्ये आहे, काहीही करा.” दोघांनी विश्वास ठेवला, सही केली, स्टिल बसवलं.

नकाशावरचा रंग पाहून झोन ओळखायची सवय असलेल्यांना इंग्लंडची पद्धत थोडी विचित्र वाटेल. इथे अमेरिकेसारखी झोनिंगची सक्तीची चौकट नाही. स्थानिक आराखडा असतो, पण परवानगी प्रकरणागणिक दिली जाते, आणि ‘वापर’ कोणता हे १९८७ च्या वापर-वर्ग आदेशावरून ठरतं. एकाच वर्गातल्या एका वापरातून दुसऱ्यात जायला परवानगी लागत नाही. वर्ग ओलांडून लक्षणीय बदल करायचा तर लागते. १ सप्टेंबर २०२० पासून दुकानं, कार्यालयं, उपाहारगृहं, हलका उद्योग असं बरंच काही वर्ग ई मध्ये एकत्र आलं. एजंटचं ‘काहीही करा’ तिथून आलं होतं.

प्रत्यक्षात झालं असं, की दिरांनी चव-सत्रांसाठी मद्यविक्रीच्या जागेचा परवाना मागितला. त्या अर्जाची फिक्या निळ्या कागदावरची नोटीस २८ दिवस दारावर लावावी लागते. मागच्या घरांतल्या लोकांना गाळ्यात काय चाललंय हे त्या निळ्या कागदावरून कळलं. पंधरवड्यात कौन्सिलच्या नियोजन विभागाकडे सात पत्रं गेली. बहुतेकांत एकच शब्द होता: स्फोट.

मग अंमलबजावणी अधिकाऱ्याची नोटीस आली. गाळ्यात काय करता, किती करता, कधीपासून करता हे २१ दिवसांत लेखी कळवा, असं त्यात होतं. हा आरोप नसतो, माहितीची मागणी असते. पण उत्तर न देणं हा गुन्हा ठरतो. याच टप्प्यावर बाईंनी मला फोन केला.

मी पहिली गोष्ट मागितली ती भाडेकरार नव्हे, तर वसाहतीची मूळ परवानगी. ती १९८८ ची निघाली. चौथ्या अटीत स्पष्ट लिहिलं होतं, की गाळे फक्त हलक्या उद्योगासाठी वापरावेत, आदेशातल्या अन्य कोणत्याही कामासाठी नाही. अशी अट असेल तर वर्ग ई मधली मोकळीक त्या गाळ्याला मिळत नाही. दुकान किंवा उपाहारगृह सोडाच, चव-सत्रांची खोलीसुद्धा आपोआप चालणार नव्हती. हा कागद कौन्सिलच्या नोंदींमध्ये कुणालाही फुकट पाहता येत होता. सहीपूर्वी तो कुणीच उघडला नव्हता.

वर्गाचा प्रश्न

मग खरा प्रश्न उरला: ३०० लिटरच्या स्टिलमधली जिन हा हलका उद्योग, की वर्ग बी-२ मधला सर्वसाधारण उद्योग?

कायद्याची कसोटी शब्दांत सोपी आहे. कोणत्याही निवासी भागात चालवली तरी आवाज, कंपनं, वास, वाफा, धूर, काजळी, राख, धूळ किंवा कण यांमुळे तिथल्या राहणीमानाला बाधा येणार नाही अशी प्रक्रिया असेल, तर तो हलका उद्योग. नाहीतर बी-२. यात ‘कोणत्याही’ हा शब्द महत्त्वाचा. समोरची ही भिंत, ही परसबाग यांचा विचार नाही. कल्पनेतला एक निवासी भाग घ्यायचा आणि प्रक्रिया तिथे ठेवून पाहायची.

वरची यादी पुन्हा वाचली तर एक गोष्ट लक्षात येते. तिच्यात धोका नाही. आग नाही, स्फोट नाही. सात पत्रांमधली भीती वर्गाच्या कसोटीत कुठेच बसत नव्हती.

अमेरिकेत नेमकं उलटं आहे. तिथे झोनिंग एकीकडे आणि इमारत-संहिता दुसरीकडे. संहिता लिटर मोजते, म्हणजे गॅलन मोजते. या दर्जाचा ज्वलनशील द्रव एका नियंत्रित भागात साधारण १२० गॅलनपर्यंत, म्हणजे सुमारे ४५४ लिटरपर्यंत ठेवता येतो. स्प्रिंकलर असतील तर दुप्पट. त्यापुढे गेलं की इमारतीचा वर्गच धोकादायक होतो आणि भिंती, अंतरं, वायुवीजन सगळं बदलतं. आमच्या बाईंनी न्यूट्रल स्पिरिटचा एकच १००० लिटरचा प्लॅस्टिक टोट, म्हणजे मोठी टाकी, मागवायचा बेत केला होता. अमेरिकेत त्या एका टोटनंच गाळ्याचं भवितव्य ठरवलं असतं. इंग्लंडच्या वापर-वर्गात त्याचा उल्लेखही होत नाही. अग्निसुरक्षा आणि स्फोटक वातावरणाचे नियम तिथे स्वतंत्र कायद्यांखाली येतात, २००२ आणि २००५ चे.

माझं स्वतःचं मत आजही असं आहे, की केवळ पुनर्ऊर्ध्वपातनाची, विजेवर चालणारी, बंद स्टिलमधली एवढी जिन हलक्या उद्योगात बसते. आंबवण सुरू झाली की ती बसत नाही. मधली रेषा स्टिलच्या आकारानं नव्हे, प्रक्रियेनं ठरते.

समोरचे पर्याय

काहीच न करता दहा वर्षं काढायची आणि मग कारवाईची मुदत टळली म्हणायचं, हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला. दारावर निळा कागद लागून गेलेला असताना तो शक्यच नव्हता, आणि दोघांचीही तशी वृत्ती नव्हती.

दुसरा पर्याय बी-२ असलेल्या औद्योगिक पट्ट्यात जाण्याचा. तिथे वर्गाचा प्रश्न मिटला असता. पण हमरस्त्यापलीकडच्या त्या शेडमध्ये शनिवारी चव घ्यायला कोण येणार? शिवाय करार मोडण्याचा खर्च होता.

खरी चुरस उरलेल्या दोन पर्यायांत होती, आणि त्यावर दीर-भावजयीत सरळ मतभेद होते.

बाईंना कायदेशीर वापराचं प्रमाणपत्र हवं होतं. १९९० च्या नियोजन कायद्याच्या १९१ आणि १९२ कलमांखाली ते मिळतं. त्यात प्रश्न फक्त वस्तुस्थितीचा आणि कायद्याचा असतो: हा वापर परवानगीशिवाय चालतो का? शेजाऱ्यांना आवडतं की नाही, हे त्यात येत नाही. पुरावा अर्जदारानं द्यायचा आणि तो संभाव्यतेच्या तराजूवर तोलला जातो. बाईंचा युक्तिवाद स्वच्छ होता: प्रक्रिया मला माहीत आहे, आकडे माझ्याकडे आहेत, कायदा आपल्या बाजूनं आहे, मग परवानगी मागायला जायचंच कशाला?

दीर म्हणाले, “वहिनी, प्रमाणपत्र भिंतीला लावता येईल. पण भिंतीपलीकडच्यांना काय सांगायचं?”

कायद्याच्या बाजूनंही प्रमाणपत्राला एक मर्यादा होती. ते उत्पादनापुरतंच मिळालं असतं. चव-सत्रं आणि आठवड्याच्या शेवटचे वर्ग, ज्यात बारा-बारा पाहुणे छोट्या तांब्याच्या स्टिलवर स्वतःची बाटली बनवणार होते, ते ‘पूरक वापर’ ठरतील की नाही हा स्वतंत्र वाद होता. पूरक वापराला ठरलेली टक्केवारी नाही. मुख्य कामाशी त्याचं नातं काय आणि प्रमाण काय, हे पाहिलं जातं. नियोजन-घटक, म्हणजे ज्या जागेचा वापर एकत्र धरून तपासायचा ती जागा, कसा ओळखायचा याची इंग्लंडमधली मांडणी १९७२ च्या बर्डल खटल्यापासून चालत आली आहे. मी बाईंकडून अंदाजपत्रक मागवलं. त्यांच्याच आकड्यांनुसार पहिल्या वर्षीचं जवळजवळ अर्धं उत्पन्न वर्गांतून येणार होतं. उत्पन्न ही एकमेव कसोटी नाही, पण अशा कागदावर ‘हे किरकोळ आहे’ म्हणणं मला पटेना.

चौथा पर्याय पूर्ण अर्जाचा. त्यात शेजारी हरकती घेणार, नगरसेवक प्रकरण समितीपुढे खेचणार, वेळ जाणार. पण सुरक्षितता, आवाज, लोकांची ये-जा, सगळ्याचा विचार होणार आणि अटी घालता येणार. जागामालक आधी याच्या विरोधात होते. वर्ग ई मधून बाहेर पडलं तर पुढे गाळ्याचं कार्यालय किंवा घरात रूपांतर करायची सोय जाईल, अशी त्यांना धास्ती होती. त्यांना १९८८ ची चौथी अट दाखवली. जी मोकळीक जाईल म्हणून ते घाबरत होते, ती मुळात त्यांच्याकडे नव्हतीच. त्यानंतर ते गप्प झाले आणि पुढे सहकार्यही केलं.

मी पूर्ण अर्जाचा सल्ला दिला. कारण शेजाऱ्यांची भीती ऐकायची जागा फक्त त्याच प्रक्रियेत होती. बाईंनी दोन दिवस विचार केला आणि होकार दिला. त्या नाखूश होत्या, आणि त्यांचं नाखूश असणं रास्तच होतं: कायद्यानं जे कदाचित त्यांचंच होतं, ते मागायला मी त्यांना सांगत होते.

काय केलं

आधी मद्यविक्रीचा अर्ज मागे घेतला. तो वेगळ्या कायद्याखालचा आणि वेगळ्या समितीपुढचा. दोन्ही एकदम चालवले तर लोकांना ‘कारखाना’ आणि ‘बार’ एकदमच दिसतात.

मग कौन्सिलकडून अर्जपूर्व सल्ला घेतला. नियोजन अधिकारी तरुण होते, प्रामाणिक होते आणि त्यांनी आयुष्यात एकही डिस्टिलरी पाहिली नव्हती. त्यांना गाळ्यात बोलावलं. स्टिल पाहून ते म्हणाले, “एवढंच?” त्या एका शब्दानं जे काम झालं ते माझ्या बारा पानी टिपणानं झालं नसतं.

त्यानंतर शेजाऱ्यांची संध्याकाळ. अबकारी मंजुरी नसल्यानं स्पिरिट वापरता येत नव्हतं. म्हणून बाईंनी स्टिलमध्ये नुसतं पाणी, जुनिपर आणि धने उकळले. अल्कोहोलमध्ये वास जास्त उतरतो, तेव्हा ही चाचणी पूर्ण खरी नाही, हेही त्यांनी तिथेच सगळ्यांना सांगितलं. झाकण उघडून शिजलेला चोथा काढताना काही मिनिटं वास येतो, एरवी जवळजवळ नाही, हे लोकांनी स्वतः अनुभवलं. वासाचा मुद्दा तिथेच बराचसा निवळला.

पण मागच्या घरातल्या एक आजी जाताना म्हणाल्या, “वासाचं काही नाही हो. ते बाहेर गुणगुणतं ते काय आहे?”

तो चिलर होता. स्टिलमधली वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरला गार पाणी लागतं. सकाळी पाणी तयार असावं म्हणून चिलर रात्रभर चालवायचा बेत होता आणि त्या दिवशी त्याची चाचणी चालू होती. आम्ही सगळे वास आणि आग यांच्याच मागे होतो. खरी बाधा त्या पेटीतून येत होती, नेमकी आजींच्या झोपायच्या खोलीखाली. ध्वनितज्ज्ञाकडून बीएस ४१४२ या मानकाप्रमाणे मोजणी करून घेतली. त्यात परिसराच्या पार्श्वभूमीच्या आवाजापेक्षा यंत्राचा आवाज किती वर जातो हे पाहतात. साधारण ५ डेसिबलचा फरक त्रासाची खूण, १० च्या आसपास गंभीर त्रासाची. रात्रीच्या शांततेत आमचा आकडा दहाच्या जवळ होता. उपाय साधा निघाला: चिलर अंगणाच्या बाजूला हलवला आणि मोठी इन्सुलेटेड टाकी बसवली. दुपारी पाणी गार करायचं, टाकीत साठवायचं, रात्री यंत्र बंद. मला वाटतं, या प्रकरणात शेजाऱ्यांच्या खरोखर उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

आगीचा भाग सर्वांत जास्त वेळ घेऊन गेला. शुद्ध इथेनॉलचा ज्वलनांक सुमारे १३ अंश सेल्सियस, ४० टक्के तीव्रतेच्या मद्याचा सुमारे २६. म्हणजे तीव्र स्पिरिटची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. हवेत ३.३ टक्क्यांपासून १९ टक्क्यांपर्यंत ती ज्वलनशील मिश्रण बनवते. वाफ हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरते आणि गटाराच्या जाळीतून दूर जाऊ शकते. बाईंना हे सगळं तोंडपाठ होतं, पण कागदावर नव्हतं. स्फोटक वातावरणाच्या नियमांप्रमाणे जोखीम-मूल्यांकन झालं. प्लॅस्टिकचा टोट रद्द झाला, कारण आगीत तो लवकर वितळतो आणि सगळा माल एकदम सांडतो. त्याऐवजी २०० लिटरचे धातूचे पिंप, एका वेळी तीनच, आणि सांडलं तर अडवायला बांध. मोठ्या भांड्याच्या ११० टक्के क्षमतेचा बांध धरायची सर्वसाधारण रीत आहे. आमचा बांध तिन्ही पिंपांचा सगळा माल मावेल एवढा केला.

इथे अधिकाऱ्यांशी एकदा वाजलं. त्यांना ‘६०० लिटरपेक्षा जास्त साठा नको’ अशी नियोजनाची अट हवी होती. राष्ट्रीय धोरण सांगतं, की इतर कायदे आपापलं काम नीट करतील असं नियोजनानं गृहीत धरावं. त्यांचं काम आपल्या अटींत पुन्हा लिहू नये. तत्त्वानं मी बरोबर होते. पण समितीपुढे बसणाऱ्या शेजाऱ्याला तत्त्व नको असतं, आकडा हवा असतो. शेवटी तो आकडा अटीत न घालता व्यवस्थापन आराखड्यात घातला, आणि आराखडा पाळण्याची अट स्वीकारली. हा मध्यममार्ग मला आजही योग्य वाटतो.

आणि मग अर्जातला तो चौकोन: ‘प्रस्तावित विकासाचं वर्णन’. मी लिहिलं:

“हलक्या उद्योगाच्या गाळ्याचा वापर बदलून, विकत आणलेल्या न्यूट्रल स्पिरिटच्या पुनर्ऊर्ध्वपातनानं जिन तयार करणे, तसेच पूरक म्हणून मार्गदर्शित भेटी, वर्ग व किरकोळ विक्री.”

शेजाऱ्यांना दिलेला शब्द मला वर्णनातच दिसायला हवा होता. इथे धान्य आंबवणार नाही, हे कुणालाही पहिल्या ओळीत कळावं. त्या वेळी मला ते वाक्य चोख वाटलं होतं.

निकाल

कायद्यानं आठ आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो. नगरसेवकानं प्रकरण समितीकडे नेलं, ध्वनी-अहवाल दुरुस्त करून द्यावा लागला आणि एकोणीस आठवडे गेले. तेवढा काळ भाडं चालूच होतं. सात हरकतींपैकी चार मागे घेतल्या गेल्या. आजींनी पाठिंब्याचं पत्र दिलं. समितीनं परवानगी मंजूर केली.

अटी अशा होत्या: एका वेळी बारा पाहुणे, तेही आगाऊ नोंदणीनं. रात्री नऊनंतर कुणी नाही. चिलर रात्री बंद. शिजलेला चोथा झाकलेल्या पिंपात. मद्य मुरवण्यासाठी लाकडी पिंपं, म्हणजे कास्क, ठेवायचे नाहीत. नंतर मद्यविक्रीचा परवाना एकाही हरकतीशिवाय मिळाला.

कास्कच्या अटीमागे एक शेजारी होते. त्यांनी डिस्टिलरीच्या काळ्या बुरशीबद्दल वाचलं होतं. ती भीती निराधार नव्हे. मुरवणीत कास्कमधून दर वर्षी साधारण दोन टक्के मद्य उडून जातं आणि त्या वाफेवर बॉडोइनिया नावाची काळी बुरशी भिंतींवर, झाडांवर वाढते. कोन्याकमधल्या बॉडोइन या औषधशास्त्रज्ञानं १८७२ मध्ये तिची नोंद केली, आणि २००७ मध्ये तिच्या प्रजातीला त्याचंच नाव मिळालं. अमेरिकेत टेनेसीच्या लिंकन काउंटीत २०२३ मध्ये एका शेजाऱ्याच्या दाव्यावरून न्यायालयानं कास्क-गोदामाचं बांधकाम थांबवायला लावलं. कारण बुरशी नव्हतं, परवाने रीतसर नसणं हे होतं. पण शेजाऱ्यांना न्यायालयात नेलं होतं ते बुरशीनंच.

दोन वर्षांनंतर

जिन चालली. बाईंना आता व्हिस्की करायची होती, अगदी थोडी. महिन्याला एक वॉश, कास्क दुसरीकडच्या बंधपत्रित गोदामात, म्हणजे अबकारी कर भरण्याआधी मद्य ठेवतात तिथे. व्हिस्कीला किमान तीन वर्षं लाकडात मुरावं लागतं, त्यामुळे सुरुवात लवकर करणं भाग होतं. शेजाऱ्यांशी बोलणं झालं होतं, त्यांची हरकत नव्हती. आम्ही १९९० च्या नियोजन कायद्याच्या कलम ७३ खाली अटींमध्ये बदल मागायचं ठरवलं. त्यात मूळ परवानगीचा सगळा वाद पुन्हा उघडत नाही.

कौन्सिलच्या वकिलांनी एका ओळीत ते बंद केलं. २०१९ च्या फिनी खटल्यात अपील न्यायालयानं ठरवलंय, की कलम ७३ नं अटी बदलता येतात, विकासाचं वर्णन नाही. तो खटला वेल्समधल्या पवनचक्क्यांचा होता. वर्णनात पात्याच्या टोकाची उंची १०० मीटर लिहिलेली, मालकांना हवी होती १२५. अटीतून ती वाढवायचा प्रयत्न झाला आणि तो टिकला नाही.

आमच्या वर्णनात ‘पुनर्ऊर्ध्वपातनानं’ हा शब्द होता. वॉश उकळणं हे पुनर्ऊर्ध्वपातन नव्हे. ‘जिन’ हाही शब्द होता, आणि व्हिस्की म्हणजे जिन नव्हे. तेच दोन शब्द मी अटीत घातले असते, तर एका छोट्या अर्जात काम झालं असतं. शेजाऱ्यांना शब्द देण्याची जागा मी चुकले होते. कागद काढून पाहिल्यावर बाई काही बोलल्या नाहीत. मलाच बोलावं लागलं.

आज पुन्हा हातात आलं तर

सहीपूर्वी मूळ परवानगी वाचायची, आणि भाडेकरार परवानगीच्या अटीवर करायचा. परवानगी नाही तर करार नाही. बहुतेक जागामालक त्याला तयार होतात, निदान एजंटच्या तोंडी शब्दापेक्षा तो मार्ग बरा. निळा कागद लावण्याआधी भिंतीपलीकडच्यांची दारं ठोठवायची. सगळी यंत्रं चालू करून एक रात्र कुणाच्या तरी मागच्या खोलीत बसायचं. हे शेवटचं मी तेव्हापासून प्रत्येक प्रकरणात करते.

प्रमाणपत्राच्या बाबतीत माझं मत थोडं बदललं आहे. पूर्ण अर्ज योग्यच होता, पण उत्पादनापुरतं प्रमाणपत्र समांतर मागायला हरकत नव्हती. ते मिळालं असतं तर बाईंच्या हातात एक पाया राहिला असता, आणि एकोणीस आठवड्यांतले काही तरी वाचले असते. त्या वेळी मी तो मार्ग जरा जास्तच घाईनं बाजूला सारला.

वर्णनाबाबत मात्र शंका नाही. काय करतो ते वर्णनात थोडक्यात, किती आणि कसं करतो ते अटीत.

नवा अर्ज गेल्या महिन्यात दाखल झाला. सोबत सांडपाण्याचा करार, आंबवणीच्या वासाचा अहवाल आणि आजींचं आणखी एक पत्र आहे. वर्णनाच्या चौकोनात या वेळी एवढंच लिहिलं आहे: “डिस्टिलरी व पूरक वापर.” अटींचा मसुदा अर्जासोबत जोडलेला आहे, अकरा कलमांचा. पहिलं कलम बाईंनी स्वतः लिहिलं: महिन्यात एकापेक्षा जास्त वॉश उकळणार नाही, आणि उकळण्याचा दिवस आठवडाभर आधी अंगणातल्या फळ्यावर लिहू.